सातव्या नंबरचा धागा

माझं डोकं तापट आहे, हे जळगावच्या पिंप्राळ्यात कुणालाही विचारा. आई म्हणायची, "लीलाधर, नाकावर माशी बसू देत नाहीस, तुझं कसं व्हायचं रे बाबा!" व्हायचं ते झालं. लग्न झालं, दुकान चाललं, केस पिकले. पण या डोक्यापायी मी एका घराचं काय केलं, ते आजपर्यंत कुणाला धड सांगितलेलं नाही. आता सांगून टाकतो. मध्ये कुणी बोलू नका, नाहीतर राहून जाईल.

सन अठ्ठ्याण्णव. माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. त्यात मी कॉम्प्युटर आणला आणि फोनच्या तारेला जोडायचा मोडेम आणला. मोडेम म्हणजे एक चपटा डबा, पुढे हिरवे दिवे. नंबर लावताना असा ओरडायचा की मांजराची शेपटी दारात सापडली असं वाटावं. दुकानात फोन होता, पण त्यावर मी कुणाला बोलू द्यायचो नाही. ती लाईन मोडेमची.

तेव्हा ई-मेल हा शब्दच लोकांना नवा. कुणाचा मुलगा मस्कतला, कुणाचा जहाजावर. तो तिकडून निरोप पाठवणार, तो निरोप दूरच्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर घराच्या नावाच्या पेटीत पडून राहणार, आणि इकडून फोन लावून कुणीतरी तो उचलून आणायचा. ते उचलून आणण्यासाठी मी स्वतः एक प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं 'निरोप्या'. चाळीस घरांच्या चाळीस पेट्या होत्या. निरोप उचलला की तिकडची पेटी रिकामी, इकडे मी कागदावर छापून हातात द्यायचो.

आता चाळीस पेट्या मी एकेक बघत बसलो तर टायपिंग कोण करणार? म्हणून दर पेटीला एक थ्रेड दिला, म्हणजे धागा. पडद्यामागे राबणारा गडी समजा. आपला नंबर आला की तो उठतो, पेटी उघडतो, असेल ते आणतो आणि पुन्हा निजतो. मी पुढे बसून अर्ज टाइप करतोय आणि मागे चाळीस गडी पाणी भरताहेत! जळगावात असलं करणारं दुसरं कुणी मला तरी माहीत नव्हतं. मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

एरंडोलच्या पुढे धुळे रस्त्याला एक गाव आहे, नाव घेत नाही. तिथले झुलालआबा, कापूसवाले. त्यांचा एकुलता मुलगा पितांबर भुसावळला फिटरचं काम शिकला आणि मालवाहू जहाजावर लागला. घरी आई बेबाबाई आणि पितांबरची बायको मंजुळा. पेटी मंजुळाच्या नावानं, नंबर सात. दर मंगळवारी ती एसटीनं यायची, बाकावर बसायची, कागद घेऊन जायची. सातवीपर्यंत शिकलेली होती, पण पितांबर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा, ते तिला लागायचं नाही. मग मीच वाचून दाखवायचो आणि ती ऐकता ऐकता पदराचं टोक बोटाला गुंडाळायची.

त्या वर्षी श्रावणात आबा स्वतः आले. दुकानात पाच-सात माणसं होती. त्यांच्यादेखत म्हणाले, "तू मन्हा पोऱ्याना कागद आठ-आठ दिन दाबी ठेवस. बठ्ठा गावले वाची दाखाडस."

झालं. मी कागद दाबून ठेवतो? सगळ्या गावाला वाचून दाखवतो? मी? माझ्या मस्तकाची शीर उठली. "आबा, तुमच्यासारख्यांसाठी रात्रंदिवस मरतोय मी, आणि हे बोलणं? ही बघा तुमची पेटी. बंद!" असं म्हणून सगळ्यांसमोर सात नंबरची ओळ खोडली. पडद्यावरून नाव गेलं. आबा टोपी सारखी करून निघून गेले.

तीन दिवसांनी मंजुळा आली. "भाऊ, आबा म्हातारा मानूस शे. मन्हाकडे देख." मला लाज वाटली. तिची पेटी मी पुन्हा घातली. नवीन नोंद शेवटी गेली, एक्केचाळीस नंबरला. सातवी जागा रिकामी दिसत राहिली. राहू दे म्हटलं, कुणाचं काय अडतंय.

त्या दिवसापासून पितांबरचा एकही कागद आला नाही.

पहिला महिना आम्ही म्हटलं, जहाज समुद्रात असेल. दुसऱ्या महिन्यात मंजुळाचे निरोप जाईनात, पाठवतानाच पडद्यावर 'पत्ता बंद' असं यायचं. आबा भाऊबंदांना घेऊन मुंबईला गेले. जहाजकंपनीच्या कचेरीला कुलूप. खाली पानाच्या टपरीवाल्यानं सांगितलं, कंपनी बुडाली, एक जहाजही बुडालं म्हणतात, कुठलं ते माहीत नाही. एवढंच घेऊन आबा परत आले. गावानं काय समजायचं ते समजून घेतलं.

मंजुळा मात्र मंगळवार चुकवेना. दारातून विचारायची, "भाऊ, कागद ऊना का?" मी नाही म्हणून मान हलवायचो. ती तरी बसायची. मोडेम फोन लावायचा, पडद्यावर एकेक नाव उजळत जायचं, आणि एक्केचाळिसावं तिचं नाव येईपर्यंत ती हलायची नाही. नाव उजळायचं, 'निरोप नाही' असं यायचं, मग ती उठायची.

एका मंगळवारी म्हणाली, "भाऊ, सहा नावस्ना मांगे दिवा लुकलुकस. नाव काबर येत नही?"

म्हणजे सहावं नाव झालं की आठवं येण्याआधी पडद्यावर काहीच नसतं आणि तरी मोडेमचा दिवा लुकलुकतो. बाई बरोबर बोलत होती. मी काय केलं? खेकसलो. "तुला काय कळतं त्यातलं? लाईनीची खरखर असते ती! आता तू मला प्रोग्राम शिकव!" पुढच्या वेळेपासून तोंडानं काही बोलली नाही, पण तिनं त्या दिव्याकडे बघायचं सोडलंही नाही.

खरं सांगू? मीही बघायला लागलो होतो. मार्च उलटला की जळगावात बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. शटर अर्धं खाली ओढून मी पंख्याखाली बसायचो. मोडेम आपसूक नंबर लावायचा. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग पडदा मुका व्हायचा आणि तो हिरवा दिवा लुकलुक करत राहायचा. कोणीतरी काहीतरी घेऊन आलंय आणि उंबऱ्याशी उभं आहे, आत ये म्हणायला कुणी नाही, असं वाटायचं. मग आठवं नाव यायचं आणि मी श्वास सोडायचो.

पडद्याच्या कोपऱ्यात धाग्यांचा आकडा दिसायचा, एक्केचाळीस. नावं मोजली तर चाळीस. प्रोग्राम लिहिणारे शून्यापासून मोजतात, त्यामुळे एकाचा फरक पडतोच, अशी मी माझी समजूत घातली. लाईट गेली की सगळे धागे मरायचे, लाईट आली की पुन्हा उठायचे. चाळीस नावं आणि एक्केचाळीस धागे. एकदा भरदुपारी मी बाकाकडे वळून "कोण आहे?" असं मोठ्यानं विचारलं. बाकावर कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मोडेमवर लिंबू-मिरची बांधली आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, बायकोची हौस.

लिंबू-मिरची बांधली, पण प्रोग्राम उघडून बघितला नाही. माझा प्रोग्राम चुकेल, हे मनातच येईना.

एप्रिलमध्ये झुलालआबा आले. श्रावणानंतर पहिल्यांदा. आत येईनात, पायरीवरच बसले. मीच पाण्याचा तांब्या घेऊन गेलो. म्हणाले, "बेबाले रोज सपन पडस. पोऱ्या उंबऱ्यावर उभा राहस, व्हट सुकेल. पानी मांगस. ती उठीसन रडस. त्याले पानी द्यानं शे, भाऊ. आखाजीले घागर भरूत."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात पितरं जेवायला येतात. वर्षभरात घरातलं कुणी गेलं असेल तर त्याच्या नावानं पाण्याची घागर भरायची, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, आणि त्याच्या जोडीच्या एखाद्या माणसाला पाटावर बसवून पोटभर जेवू घालायचं. तो त्या दिवसापुरता पितर. तो जेवला की गेलेला जेवला.

"तू पितर म्हनीसन ये," आबा म्हणाले. "त्याना निरोप तूच आनस व्हता ना."

घागर भरायची म्हणजे पितांबर गेला हे घरानं मानायचं. घागर भरली की मंजुळाच्या बांगड्या उतरवायच्या, मंगळसूत्र काढायचं, हे भाऊबंदांनी ठरवून टाकलं होतं. ती आठ महिने एकटी नाही म्हणत होती. आता सासूचं रडणं ऐकून तिनंही मान खाली घातली होती. मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?

आखाजीच्या आधीच्या मंगळवारी ती आली. नेहमीसारखं एक्केचाळिसावं नाव उजळून विझलं. उठताना म्हणाली, "भाऊ, एकच कर. आखाजीले निंघाना आगोदर एकदा देखी ले. मी म्हनस तो दिवा. मंग ये."

मी या वेळी खेकसलो नाही.

आखाजीला सकाळी आठ वाजता धुतलेला सदरा घालून दुकान उघडलं. बाजार बंद, रस्त्यात चिटपाखरू नाही. मशीन चालू केलं. एक, दोन, सहापर्यंत नावं झाली. दिवा लुकलुकला. मी पडद्याकडे न बघता, ती बघायची तसं दिव्याकडे बघितलं. आणि मला कळलं की ही खरखर नाही. तो धागा पेटी उघडून बघत होता. कुणाची तरी पेटी, नेमानं.

मी यादीची फाइल उघडली. धागे उठवताना प्रोग्राम जी वाचतो ती. त्यात एक्केचाळीस ओळी होत्या. सातवी ओळ मंजुळाची. श्रावणात रागाच्या भरात मी पडद्यावरचं नाव खोडलं होतं, फाइलमधलं खोडलंच नव्हतं! सातवा धागा रोज उठत होता. तिच्या पेटीत जे पडेल ते एक्केचाळिसाव्याच्या आधी उचलत होता, तिकडची पेटी रिकामी करत होता. पण आणलेलं दाखवायला त्याला पडद्यावर जागाच नव्हती. म्हणून तो डिस्कच्या एका कोपऱ्यात नेऊन ठेवत होता. त्या कोपऱ्यात नऊ कागद होते.

पहिला उघडला. 'मंजुळा, मी सुखरूप आहे. कंपनी बुडाली, जहाज परक्या बंदरात अडकवून ठेवलंय, उतरू देत नाहीत. जुना पत्ता बंद. या नव्या पत्त्यावर उत्तर दे.' तारीख ऑगस्टची. पुढचं वाचवेना. शेवटच्या कागदाची तारीख पाहिली, अठरा दिवसांपूर्वीची. म्हणजे जिवंत! अठरा दिवसांपूर्वीपर्यंत तरी जिवंत. नऊच्या नऊ छापले, घडी करून खिशात कोंबले आणि स्कूटरला लाथ मारली.

एरंडोलपर्यंत मी मोठमोठ्यानं स्वतःला शिव्या देत होतो. एरंडोलनंतर शिव्या संपल्या आणि भीती सुरू झाली. काय सांगणार होतो मी? की तुमचा मुलगा महिन्याच्या महिन्याला हाक मारत होता, आणि मी, हा मोठा प्रोग्रामवाला, ती हाक कोपऱ्यात नेऊन पुरत होतो? जिला मी गप्प बसवलं तिलाच पहिल्यापासून दिसत होतं? एकदा वाटलं, सांगून टाकावं की आजच एकदम आले सगळे. कुणाला कळणार होतं?

गावात शिरलो तर निंबाला झोके बांधलेले, माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या. झुलालआबांच्या दारात मात्र सगळे गप्प. मी तोंड उघडायच्या आत भाऊबंदांनी मला धरून आत नेलं. आबांनी माझे पाय धुतले. म्हातारा माणूस वाकून माझे पाय धुतोय! मी "आबा, ऐका" म्हणालो, पण पितरानं बोलू नये म्हणून कुणीतरी खांद्यावर हात दाबला. पाटावर बसवलं. समोर ताट आलं, आमरस, मांडे, कुरडया. उजवीकडे रिकामी नवी घागर, तिच्याजवळ पाण्याची बादली. भिंतीशी मंजुळा बसलेली. तिच्या दोन्ही बाजूंना दोन म्हाताऱ्या, एकीनं तिचा हात आधीच मांडीवर घेतलेला. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत होत्या.

मंजुळानं माझ्याकडे बघितलं. विचारलं नाही, नुसतं बघितलं. आणि मी, मी ज्याचं तोंड कधी बंद नसतं, नजर खाली घातली. तिनं मान हलवली आणि हात सैल सोडला.

बेबाबाई तांब्या घेऊन घागरीपाशी आल्या. आधी माझ्या समोर बसल्या. माझ्या गालावरून हात फिरवला. "ऊना ना बेटा," म्हणाल्या. "किती दिन तिसना राहिना रे. पोटभर पी आते." आणि तांब्या घागरीवर कलता केला.

"थांबा!" मी ओरडलो. "माय, थांबा! तो जिवंत आहे!"

पुढचं मी एका दमात सांगितलं. खोटं बोलायचं ठरवलं होतं तेही विसरलो. राग, खोडलेलं नाव, सातवा धागा, दिवा, सगळं. "चूक माझी आहे. लाईनीची नाही, कुणाची नाही, माझी." खिशातून कागद काढले. कुणी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. आबा एवढंच म्हणाले, "वाच."

मी पाटावर बसूनच वाचायला लागलो. बंदरावरचा एक पादरी महिन्यातून एकदा बोटीनं जहाजावर यायचा, पितांबर त्याच्याजवळ चिठ्ठी द्यायचा, आणि तो पादरी एक अक्षर न समजता ती कॉम्प्युटरवर टाकायचा. दुसऱ्या कागदात होतं, 'उत्तर मिळालं नाही, पत्ता नीट बघ.' तिसऱ्यात, 'आबा रागावले का?' पाचव्यात, 'पिण्याचं पाणी संपत आलंय, मोजून पेला मिळतो, ओठ फुटलेत, रोज डोळे मिटले की आपल्या घराचा उंबरा दिसतो.' तिथं बेबाबाईंनी एकदम माझं मनगट धरलं. माझ्या अंगावर काटा आला, आजही येतो.

सहावा, सातवा, आठवा. दर कागद आधीच्यापेक्षा लहान होत गेला. नववा मी घरच्यांबरोबरच पहिल्यांदा वाचला.

'बाकी सगळ्यांच्या घरून उत्तरं आली, माझ्याच नाही. आता समजलो. आई गेली असणार, आणि मला कसं सांगावं म्हणून तुम्ही लिहीत नाही. जिथे असेन तिथे आखाजीला आईच्या नावानं एक पेला पाणी ओतीन. मंजुळा, तू माहेरी गेली असशील तर बरं केलंस. माझी वाट बघू नको. जहाज विकलं. आम्हाला उद्या उतरवणार, पुढे कुठे नेणार माहीत नाही. पादरीबाबाही हे बंदर सोडून चाललेत, त्यांचा हा पत्ताही बंद होणार. गावी कुणासाठी येऊ? हा शेवटचा.'

बेबाबाई हातातल्या तांब्याकडे बघत राहिल्या. "मन्हा नावनं?" म्हणाल्या. "आज?" आबांनी तोंडाला उपरणं लावलं. तो जिवंत होता, आणि त्याच्यापर्यंत जायला एकही रस्ता राहिला नव्हता. आज या घडीला तो कुठल्यातरी परक्या जमिनीवर आपल्या जित्या आईला पाणी देत असेल. हे मी केलं होतं.

मंजुळानं म्हातारीच्या मांडीवरून आपला हात काढून घेतला. उठली, माझ्यापुढे येऊन उभी राहिली. ती ओरडेल, रडेल, कागद माझ्या तोंडावर फेकेल असं वाटलं. तिनं कागद माझ्या हातातून घेतले, नीट जुळवले, कनवटीला लावले.

"ऊठ त्या पाटवरथून," म्हणाली. "त्यानी जागा शे ती."

मी उठलो. तिनं ताटावर दुसरं ताट झाकलं, रिकामी घागर उपडी करून कोपऱ्यात सरकवली आणि पुन्हा माझ्याकडे वळली.

"आनि आते जाय. मशीन चालू ठेव. तो सातवा बंद करू नको."

आखाजीच्या दिवशी खान्देशात दारातला भिकारीसुद्धा उपाशी जात नाही. मला कुणी थांब म्हटलं नाही. मी चपला घातल्या आणि दुकान उघडायला जळगावला निघालो.